दासगाव ते बाणकोट, विनावाहक

सुदामनानांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण ओट्याला टेकून. गप्पा मारायच्या तर एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत. दासगावच्या शाळेत मी नवीन असताना ते कसलासा दाखला विचारायला आले, तेव्हा मी रीतसर खुर्ची पुढे केली. त्यांनी खुर्चीकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना दवाखान्यात भरती व्हायला सांगत होते. "बसतो कुठं बाई, सुटायची वेळ झाली," म्हणाले, आणि मधली सुट्टी संपेपर्यंत दारात उभे राहून बोलले. काय सुटायचं होतं देव जाणे. निवृत्त होऊन त्यांना तेव्हा बरेच महिने झाले होते.

नाना एस.टी.चे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी महाड डेपोत, आणि त्यातली बहुतेक वरंधा घाटात, महाड-भोर गाडीवर. गाडी सुटली, पण अंगातून गेली नाही. उभ्या उभ्या बोलतानाही त्यांचा उजवा पाय मधेच जमीन दाबायचा. पोर रस्त्यात आडवं आलं, की पाय दाबला. बायको रागावून बोलली, की पाय दाबला. वाक्य सुरू करण्याआधी उजवीकडे एक नजर टाकायची, आरशात पाहिल्यासारखी. निरोप घेताना आपण "येतो" म्हणतो, ते म्हणायचे "डबल बेल!" आणि निघायचे ते थेट निघायचे. त्यांची एक म्हण होती, त्यांनीच केलेली: "चढाला गिअर लागतो, उताराला अक्कल." ती ते कुठेही वापरत. माझ्या वर्गातल्या एका मुलाला भागाकार येत नव्हता तर त्यालाही हेच ऐकवलं होतं.

आणखी एक खोड होती. दुसऱ्याच्या गाडीत ते बसत नसत. दासगावहून महाडला जायचं तर सायकल, पोलादपूरला नातेवाइकाकडे लग्न असलं तरी सायकल. विचारलं की म्हणत, "दुसऱ्याच्या हाती आपला जीव कशाला द्यायचा?" गावात हा ड्रायव्हरकीचा माज समजला जाई. मलाही तसंच वाटायचं.

हिराकाकी, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलट. निवांत बाई. एकदा सुपात तांदूळ घेऊन ओटीवर बसल्या, की ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलं तरी हलायच्या नाहीत. आणि नियतीचा विनोद असा, की या ड्रायव्हरच्या बायकोला गाडी लागायची. साधीसुधी नव्हे. फाट्यावरून एस.टी. गेली आणि तिचा धूर ओटीपर्यंत आला, तरी त्या पदर नाकाला लावून आत जायच्या. कमरेला कायम एक लिंबू खोचलेलं. नवरा ड्यूटीवरून आला की आधी मागच्या दाराने न्हाणीत, मग घरात. असा संसार त्यांनी डिझेलशी भांडत केला.

काकींचं माहेर बाणकोटच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. लग्नानंतर त्या होडीने माहेरी जायच्या. पुढे भाऊ मुंबईला गेले, घरची होडी मोडीत निघाली, आणि रस्ता झाला. रस्ता झाला म्हणून सगळ्या गावाला आनंद झाला आणि काकींचं माहेर तुटलं. तिकडे आई होती. नव्वदीची म्हातारी, कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर. तिच्याजवळ राहणारा भाचा मोबाइल धरून बसायचा आणि म्हातारी त्यात डोळे घालून विचारायची, "हिरे, आवाज येतो गो तुजा. तू कवा येतंस?"

काकी फोन ठेवून म्हणायच्या, "त्या मोबाइलात आईचा हात लागत नाय बाई."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी नानांनी हट्ट केला, की एकदा तरी माझ्या गाडीत बस. काकी बसल्या, त्यांच्या मागच्याच सीटवर, नवं लुगडं नेसून. सहकाऱ्यांनी गाडीला हार घातला होता. त्या हाराचाच वास पहिल्यांदा लागला. घाट अजून सुरूही झाला नव्हता तर वरंधला गाडी थांबवावी लागली. काकींना ओळखीच्या घरी उतरवून नाना पुढे गेले आणि आयुष्यातली शेवटची फेरी त्यांनी मागची सीट रिकामी घेऊन मारली. परतताना काकींनी एस.टी.त पाय ठेवायला साफ नकार दिला. उघड्या टेम्पोत वारं लागेल म्हणून कोणीतरी टेम्पो दिला. त्या टेम्पोतून त्या आल्या आणि आठवडाभर अंथरुणाला खिळल्या. उठल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "मी मेल्ये तरी मला गाडीत घालू नका. उचलून न्या."

ही गोष्ट नाना मला हसत सांगत होते. सांगता सांगता त्यांनी उजवीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. "बाई, अख्ख्या जगाला त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलं. हिला तेवढं नाय पोचवलं."

मग त्यांनी होडी घेतली.

घेतली म्हणजे हसनचाचांकडून मागून आणली. हसनचाचा गावातले जुने दर्यावर्दी. कामाला आळशी, बोलायला उत्साही. त्यांच्या वडिलांचा शिडाचा मचवा शाळेच्या मागे, खाडीच्या चढणीवर एका पत्र्याच्या छपराखाली कितीतरी वर्षं कोरडा पडला होता. त्यात कोंबड्या अंडी घालत. इंजिनाची होडी भाड्याने सहज मिळाली असती, पण इंजिन म्हणजे डिझेल आणि डिझेल म्हणजे काकींचं लिंबू. म्हणून शीडच हवं होतं. चाचा म्हणाले, "ने की. सागाची हाय. पण आत नाक घालू नको."

नानांनी नाक घातलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही. घाटातल्या ड्रायव्हरचं नाक ते, डिझेलने कधीच मेलेलं. काकींना आणलं. त्या छपरापर्यंतही पोचल्या नाहीत. लांबूनच पदर लावला. "सुकटीचा वास. कोंबड्यांचा वास. आणि खाली काहीतरी कुजलंय. मी नाय पाय ठेवायची."

"काढतो," नाना म्हणाले. "आतून सगळी सोलून काढतो."

इथून पुढे माझ्या वर्गाला खिडकीतून एकच आवाज ऐकू यायचा. खर्रर्र, खर्रर्र. नानांनी गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा घासून त्याला धार काढली होती आणि त्याने ते आतल्या फळ्या खरवडत. आधी कोंबड्यांची घाण निघाली. मग माशांची खवलं, फळ्यांना चिकटून अभ्रकासारखी झालेली. मग काळा थर, बोटभर जाड, अनेक वर्षांच्या माशांच्या तेलाचा. तो निघता निघेना. आतल्या आडव्या बरगड्यांच्या मागे हात पोचत नसे, तिथे ते आडवे होऊन, खांदा अडकवून घासत. एवढा वेळ आडवा झालेला हा माणूस मी प्रथमच पाहत होते, पण तेही हात चालू असताना. थोडं खरवडलं की उठून काठावर एक चक्कर, मग परत. माझं शिकवण्यातलं लक्ष उडायचं. एकदा मी खिडकीतून ओरडलेही, "नाना, जरा दम घ्या! मुलांची चाचणी आहे!" ते म्हणाले, "म्हातारी काय दम घेऊन थांबल्ये का बाई?"

त्यावर मी खिडकी लावून घेतली.

खरवडून झालं की धुणं. रिठ्याच्या पाण्याने धुतलं, सोड्याने धुतलं, चिंच लावून ठेवली. आणि प्रत्येक धुण्यानंतर परीक्षा. स्वतःच्या नाकावर भरवसा नसल्याने ते येणाऱ्या-जाणाऱ्याला धरत. पोस्टमन, दूधवाला, अंगणवाडीच्या ताई, कोणीही. "जरा वाकून बघा, वास येतो का?" माझ्या मुलांना तर हा खेळच झाला. मधल्या सुट्टीत सगळी ओळीने होडीच्या काठाला लोंबकळायची आणि नाकं फेंदारून निकाल द्यायची. गावात कोणी कुठे निघालं की लोक विचारायचे, वास घ्यायला चाललास काय रे?

काकी मात्र वास घ्यायला यायच्या त्या गंभीरपणे. लिंबू मुठीत, डोळे मिटलेले. क्षणभर थांबायच्या आणि म्हणायच्या, "अजून हाय."

नाना कोरड्या जमिनीवर ब्रेक दाबायचे.

एकदा त्यांनी कोणालाही न विचारता आतून ऑइलपेंट मारला. हलका निळा, अगदी दवाखान्यासारखा. वास दाबून टाकायचा, हा विचार. काकींनी त्या दिवशी त्यांना घरात घेतलं नाही. कपडे, केस, हात, सगळ्याला रंगाचा वास. ओटीवर उभं करून ताट दिलं. नानांना त्यात काही वेगळं वाटलं नाही, ते एरवीही उभेच जेवत. पण दुसऱ्या दिवशी पाटा घेऊन त्यांनी तो सगळा निळा रंग परत सोलायला घेतला, तेव्हा मला या माणसाचा संतापही आला आणि जीवही तुटला. काकींशी मी त्या दिवशी जरा तोडूनच बोलले. म्हटलं, "काकी, थोडा वास सोसा ना आता. हा माणूस वेडा होईल."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोसते ना. त्यांच्या अंगाचा जन्मभर सोसला. पण बाई, आईसमोर मी ओकत ओकत नाय जायची. तिला हसत दिसायचं हाय मला."

मी सूप पुढे ओढलं आणि त्यांच्याबरोबर तांदूळ निवडत बसले.

थंडीत एके सकाळी काकी आल्या, डोळे मिटले, आणि लिंबू न हुंगता कमरेला खोचलं. "नाय येत आता," म्हणाल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नाना हसले, उजवीकडे पाहिलं, होडीत वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "येतोय गो. मला येतोय."

ज्या माणसाला कधी कसला वास येत नव्हता, त्याला आता सगळे वास यायला लागले होते. बरगड्यांच्या मागे सुकट, सांध्यांत तेल, तळाशी अजून काहीतरी. दुसऱ्या दिवसापासून परत खर्रर्र. काकी आधी समजावत होत्या. मग एक दिवस त्या काठावर आल्या आणि मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "अवो, आईनं काल मला वळखलं नाय. आवाज वळखला, तोंड नाय वळखलं. आणि तुमी लाकूड चाटत बसलाव!"

नाना खरवडायचे थांबले. पण त्यांचा पाटा तोपर्यंत सांध्यांत पोचला होता. हसनचाचा त्या दिवशी किती दिवसांनी तरी उठून होडी पाहायला आले. आत डोकावले तर फळी आणि फळी यांच्यामधून खालची जमीन दिसत होती. वासाच्या शोधात नानांनी सांध्यांतला जुना कापूस आणि राळ, सगळं टोकरून काढलं होतं.

चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे सुदाम, वास काढायला सांगितलं होतं. तू होडीच काढलीस."

मला वाटलं, संपलं. नानांचा चेहराच तसा झाला होता. पण चाचा आळशी असले तरी बापाची होडी होती. त्यांनी जवळच्या माडाच्या बुंध्याला पाठ टेकून हुकूम सोडायला सुरुवात केली आणि नाना करू लागले. तेलात भिजवलेला कापूस सांध्यांत ठोकायचा, वर राळ. माशाचं तेल घे, म्हणून चाचांनी सुचवलं मात्र, नाना हातोडी घेऊन त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. मग खोबरेल आलं. राळेचा वास काकींना चालला. आतून खोबरेलाचे हात फिरवल्यावर सागाचा रंग असा उघडला, की शाळा तपासायला आलेले साहेबही वाकून पाहून गेले. नानांनी एक पत्र्याची पाटी रंगवली, एस.टी.ला असते तशी, आणि पुढे लावली: दासगाव – बाणकोट, विनावाहक.

"आता सोडू पाण्यात," नाना म्हणाले.

"सोडू नको," चाचा म्हणाले. "बुडव."

आधी कोणाला कळेना. चाचांनी सांगितलं, की एवढी वर्षं वाळलेलं लाकूड आहे. फळ्या आकसल्यात. नुसता कापूस ठोकून भागत नाही. तळाचं बूच काढायचं, आत दगड ठेवायचे, आणि भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं. लाकूड पाणी पिऊन फुगलं, की फळ्या आपसूक एकमेकींना घट्ट धरतात. तोवर होडीला हात लावायचा नाही.

"हे पाणी? ह्यात?" नानांनी खाडीकडे बोट केलं. सावित्री नदीचं पाणी, चहासारखं गढूळ. त्यात त्यांची ती घासून, पुसून, तेल लावून आरशासारखी केलेली होडी.

"ह्यात."

"किती दिवस?"

"लाकडाला विचार."

होडी ओढत खाली नेली, बूच काढलं, आणि भरतीबरोबर तो गाळ हळूहळू आत शिरला. नाना पाठ करून उभे होते. पुढचे दिवस त्यांचे फार वाईट गेले. काम नाही. हातात पाटा नाही. काठावर एक वाट पडली, त्यांच्या येरझाऱ्यांची. मुलं त्यांना पाहून वर्गातच चुळबुळायची आणि मी पण. अखेर त्यांच्याने राहवलं नाही. चाचा कोणाच्या तरी लग्नाला गेलेले पाहून त्यांनी ओहोटीला दगड काढले, पाणी उपसलं, बूच मारलं. भरतीने होडी उचलली, ती क्षणभर तरंगली, आणि चारी बाजूंनी पाणी घेत त्यांच्या डोळ्यांदेखत परत बसली.

ते तसेच कमरेएवढ्या पाण्यात उभे. काठावरून मी हाका मारल्या, ते आले नाहीत. शेवटी काकी आल्या. कोणी बोलावलं होतं कोण जाणे. त्यांनी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं, आणि सरळ पाण्यात उतरल्या. बुडालेल्या होडीची कड धरून आत गेल्या आणि आडव्या फळीवर बसल्या, छातीएवढ्या गढूळ पाण्यात, ओटीवर बसाव्यात तशा.

"गो, वास?" नानांनी विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा.

काकींनी डोळे मिटले. "खाडीचा येतो."

"मग?"

"खाडीचा चालतो. आमच्या परसात हाच यायचा." आणि मग जरबेनं: "आता हिला हात लावलाव, तर बघा."

त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. लाकडाने आपला वेळ घेतला. चाचा लग्नाहून परतून जेवणं पचवून बसले, आणि मग एके दिवशी म्हणाले, बघू या. पाणी उपसलं, गाळ धुतला, आणि होडी भरतीने उचलली ती उचललेलीच राहिली. आत हात फिरवला तर कोरडा.

त्याच आठवड्यात माझी पोलादपूरला बदली झाल्याचं कळलं होतं. त्यांची होडी निघाली त्या दिवशी मी वर्गावर होते, जाता आलं नाही. निरोप म्हणून सकाळी नाना दारात येऊन गेले. मी सवयीने खुर्ची पुढे केली. "वाटेत बसंन बाई," म्हणाले. "डबल बेल!" संध्याकाळी काकींचा फोन आला, की पोचलो. आईने आधी आवाज ओळखला, मग हात हातात घेऊन चाचपला, आणि म्हणाली, हिरा. काकी रडत होत्या आणि हसत होत्या. पण ते मी पाहिलं नाही, ऐकलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच.

ओहोटी लागली तशी सगळी मुलं खिडकीला चिकटली. मीही पुस्तक मिटलं. शाळेच्या मागून होडी निघाली. शीड उघडलं आणि वारा भरताच ती एका अंगाला कलली. सुकाणू चाचांच्या हातात, कारण नानांना ते येत नव्हतं. पुढे काकी बसलेल्या, मान ताठ, नजर बाणकोटकडे. मधे नाना उभे. डोलकाठी धरून, उजवा पाय दाबत, उजवीकडे बघत. होडी दुसऱ्या अंगाला कलली. नानांचा चेहरा मला खिडकीतूनही पांढरा दिसला. मग एकाएकी ते कडेवर वाकले.

"बाई, नानांना होडी लागली!" मुलं ओरडली. आणि सायकलीचं कोडं मला तेव्हा उलगडलं. दुसऱ्याच्या हातची गाडी या माणसालाही लागत होती. जन्मभर त्याने ते कोणाला कळू दिलं नव्हतं. बायकोला सुद्धा नाही.

की तिला ठाऊक होतं? कारण काकींनी मागे वळून पाहिलं नाही. कमरेचं लिंबू काढलं आणि तो हात तसाच मागे केला. नानांनी ते घेतलं. नाकाशी धरलं.

आणि मग, वळणावर होडी दिसेनाशी व्हायच्या आधी, सुदामनाना खाली बसले.